घोड्यासाठी ठेवलेलं गाजर

मी एक जुना लाकडी बूट आहे. एका डच कारागिराने मला ओल्या ओंडक्यातून कोरून काढलं ते शेतातला चिखल तुडवायला. पण मित्रांनो, पाच डिसेंबरला माझा मान वेगळाच असे! त्या संध्याकाळी मुलं माझ्यात गाजर ठेवत. लांब दाढीचा सिंटरक्लास, म्हणजे आमचा डच सांताक्लॉज, पांढऱ्या घोड्यावरून येई. गाजर घोड्याला, आणि माझ्यात खाऊ मुलांना.

माझी मालकीण विल्मा, आताची विल्मा आजी, हिच्याबरोबर मी जहाजाने मेलबर्नला आलो. तिची मुलंही माझ्यात गाजरं ठेवून मोठी झाली, पांगली. मी गॅरेजात रंगाच्या डब्यांमागे पडलो. कोळ्यांनी संसार थाटला माझ्यात.

मग आमच्या क्लेटन उपनगरात युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांची झुंबड उडाली. एकेका खोलीपुढे रांगा! आजीने मागच्या दोन खोल्या हृषिकेश आणि मेधा या जोडप्याला दिल्या. हृषिकेश दिवसा युनीत, संध्याकाळी शिफ्टला. मेधाच्या जिवाला मात्र एकच घोर. त्यांची चार वर्षांची चिन्मयी पुण्याहून आल्यापासून आईबाबांखेरीज कुणाशी अवाक्षर बोलत नव्हती. किंडरमध्ये, म्हणजे बालवाडीतही नाही.

पाच डिसेंबरला मेधा पहिल्यांदाच लेकीला आजीपाशी सोडून डँडेनॉन्गच्या बाजारात किराणा आणायला गेली. जाताना तीनदा मागे वळली. आजीने मला घासूनपुसून चिन्मयीपुढे ठेवलं, सोप्या इंग्रजीत घोड्याची गोष्ट सांगितली, स्वतःला 'ओमा' म्हणजे डच आजी म्हणवत. आणि पोरीने चक्क तोंड उघडलं, "ओमा, हॉर्सला गाजर आवडतं?" मग स्वतःच्या हाताने घरातलं गाजर माझ्यात ठेवलं आणि तिथेच झोपली.

मेधा परतली. आजी बागेत होती. खिडकीशी मी, माझ्यात गाजर!

"अगं बाई! पायातल्या वस्तूत अन्न?"

तिने गाजर मिठाच्या पाण्याने तीनदा धुतलं, किसलं, कोशिंबीर केली. मला दाराबाहेर चपलांच्या रांगेत नीट लावलं. वाईट हेतू नव्हता हो तिचा.

चिन्मयी उठली आणि किंचाळली, "आई, हॉर्स काय खाणार आता?"

आजी धावत आली. सगळं कळल्यावर हळूच म्हणाली, "मेधा, आज ती माझ्याशी बोलली. त्या गाजराबद्दल."

मेधाने कपाळाला हात लावला. "आणि मी ते किसलं!"

चिन्मयी भिंतीकडे तोंड करून बसली. आजीने हाक मारली, तरी वळली नाही. घरात दुसरं गाजर नव्हतं, आणलेल्या किराण्यातही नव्हतं. तिने मला आत आणलं, स्टीलच्या वाटीत कोशिंबीर भरली आणि वाटी अलगद माझ्यात बसवली.

चिन्मयीने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. उठली. वाटीत डोकावली आणि सरळ आजीकडे गेली.

"ओमा, यात मिरची आहे. हॉर्सला तिखट लागेल."

"नो वरीज. तो खूप देश फिरलाय."

"मग पाणी पण ठेवूया?"

मेधा ओट्याला धरून उभी राहिली. मग तिने पाण्याचा पेला भरून लेकीच्या हाती दिला.

सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख होती आणि माझ्यात चॉकलेट होतं. आजी मात्र दिवसभर पाणी पीत नाक पुसत होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, एवढंच मी पूर्वी म्हटलं असतं. आता आणखी एक मागतो. लहान मुलाने कुठे काही ठेवलेलं दिसलं, तर उचलण्याआधी त्याला विचारा. त्याला बोलायचं असतं.