पायाळूची लेक

माझ्या पोटची पोरगी माझ्याच तोंडावर खोटं बोलते, याचा मला त्या आठवड्यात सगळ्यात जास्त राग आला होता. प्रेमलता ओट्याच्या तीन पायऱ्या उलटी उतरत होती. तोंड भिंतीकडे, एकेक पाय चाचपत खाली टाकत, नुकतं चालायला लागलेलं लेकरू उतरतं तशी. मी अंगणात तांदूळ निवडत होते. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणे चपलेचा अंगठा तुटला. चप्पल मी हातात घेऊन पाहिली, अंगठा शाबूत होता. पुन्हा विचारलं तर म्हणे नडगीला मुंगी चावली. चोवीस वर्षांची बाई, आणि मुंगी.

राग मी तोंडावर आणला, कारण भीती तोंडावर आणायची मला सवय नाही. शनिवारी छिंदवाड्याला तिची शर्यत होती आणि त्या दिवशी सोमवार होता.

प्रेमलताचं लग्न सौंसरला मीच लावून दिलं होतं. संत्र्याची बाग, बारमाही विहीर, सासरा रघुनाथराव साखर घोळून बोलणारा. दोन वर्षांनी ती एक पिशवी घेऊन पांढुर्ण्याला परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. मग दिवाळीत रघुनाथरावांचा निरोप आला, सून नांदायला पाठवा नाहीतर आम्ही पोराचं दुसरं करतो. माझा थोरला, मधुकर, पाठवायला तयारच होता. तेव्हा प्रेमलतानं पेपरचा एक तुकडा पुढे केला. पोलिसात बायांची भरती, आठशे मीटर चार मिनिटांच्या आत पळायचं. पुढच्या वर्षी वय निघून जात होतं.

मी चार माणसांसमोर निकाल दिला. एकदा पळून पाहू दे. नाव लागलं तर नोकरी करेल, नाही लागलं तर गुमान सौंसरला जाईल. रघुनाथरावांना तसाच निरोप गेला. माझा शब्द मागे फिरत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हापासून ती रोज पहाटे पूल ओलांडून सावरगावच्या सडकेनं पळायची. मधुकरच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांत पुढे चिंध्या कोंबून. लोक हसले. शेजारच्या लीलाबाईनं नळावर मला विचारलं, पोरगी कोणाच्या मागे पळून राहिली? मी सांगितलं, मागे नाही, तुझ्या नवऱ्याच्या पुढं पळून राहिली, त्याला घरात कोंडून ठेव. पुन्हा कोणी विचारलं नाही.

तर त्या सोमवारी मी प्रेमलताला चटईवर निजवलं. मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी आले, म्हणून माझ्या पायाला गुण आहे असं सगळे मानतात, मीही मानत होते. उसण भरली, कंबर धरली की लोक माझ्या दारात येऊन पालथे पडतात आणि मी तीनदा पाय लावते. मोठमोठे बागाईतदार माझ्या पायाखाली पडून गेले आहेत. घरच्या पोरीला गुण येणार नाही, हे माझ्या मनातही आलं नाही.

जवसाचं तेल कोमट केलं. नडगीच्या हाडावर रुपयाएवढी एकच जागा होती. तिथं बोट टेकलं की ती श्वास आत ओढायची. मी म्हटलं, गाठ धरली आहे, मोडून टाकते. टाच ठेवली आणि अंगाचा भार दिला. तिनं ओढणी तोंडात कोंबली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा माझ्या टाचेखाली काहीतरी सुटलं. अगदी बारीक. ओल्या फडक्यात काडी मोडावी तसं.

मी पाय उचलला. झालं, शनिवारी पळशील, असं मोठ्यानं म्हटलं.

"बरं वाटते, माय," ती म्हणाली. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं.

सकाळी पाय सुजून चकचकीत झाला होता. मधुकर संत्र्याच्या पेट्या भरून घ्यायला बागेत गेल्यावर मी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. त्यानं हाडाचा फोटो काढला, ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. हाडात केसाएवढी रेघ होती. जास्त पळून पळून अशी रेघ पडते म्हणाला, पण ही ताजी लांबलेली दिसते. इथं कोणी दाबलं होतं का?

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले. आयुष्यात मी कोणासमोर मान खाली घातली नाही, तेव्हाही घातली नाही, फक्त कॅलेंडर पाहिलं.

"पडली मी," प्रेमलता म्हणाली. "पुलावर. पाय घसरला."

डॉक्टर म्हणाला दीड महिना प्लास्टर. पळालीस तर रेघ आरपार जाईल, मग आयुष्यभर लंगडशील. प्रेमलतानं त्याच्याकडून फक्त घट्ट पट्टी बांधून घेतली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं प्लास्टर घालून घेऊ. तिनं एवढंच विचारलं, "प्लास्टर पाहून दादा काय म्हनीन?" दादा काय म्हणेल ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. शनिवारी पळाली नाही म्हणजे सौंसर.

मग आम्ही मायलेकी घरात चोर झालो. पहाटे ती बूट घालून निघायची, मी लोटा घेऊन तिच्या मागे. मधुकरला वाटायचं पोरगी पळायला गेली. ती पुलाखाली उतरून जाम नदीच्या दगडावर बसायची आणि गुडघ्यापर्यंत पाय थंड पाण्यात सोडायची. सूज उतरते का ते मी दर थोड्या वेळानं वाकून पाहायची. पाण्यात पाय वाकडा दिसायचा, बाहेर काढून पाहिला की सरळ. बुधवारी मधुकरनं जेवताना विचारलं, प्रेमा सडकेवर दिसून नाही राहिली. मी म्हटलं तू सडक पाहू नको, पेट्या पाह्य. पण हातातला घास पुन्हा ताटात ठेवावा लागला. त्या दिवसांत चुलीसाठी काडी मोडतानासुद्धा माझा हात थांबायचा.

गुरुवारी त्या दगडावर मी तिला म्हटलं की राहू दे, मी मधुकरशी बोलून पाहते. खरं म्हणजे काय बोलणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं. शब्द तर मीच दिला होता.

"मले पायाचं भेव नाही वाटत, माय," ती पाण्याकडे पाहत म्हणाली. "सौंसरले ते लोकं बागेत जाताना बाहेरून कडी लावून जात. दिवसभर. मी त्या एका खोलीत चकरा मारो. दाराजवळून चुलीजवळ, चुलीजवळून दाराजवळ. उभी राह्यली तं डोकं फिरीन असं वाटे."

"मले सांगतलं नाही कधी."

"तूनं विचारलं कुठी?"

त्यानंतर मी तिला नको पळू म्हणाले नाही. पळ असंही म्हणाले नाही.

शनिवारी पहिल्या बसनं छिंदवाडा गाठलं. मैदानाला तारेचं कुंपण होतं, बाहेरच्या माणसांना आत जाऊ देत नव्हते. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिनं नडगीला आवळून बांधली, वरून सलवार ओढली. फाटकाशी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर ती थांबली असती, हे मला माहीत होतं.  शेवटी मी म्हटलं, नाडी नीट बांध.

बावीस पोरी होत्या, दोन फेऱ्या मारायच्या होत्या. शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत माझी लेक तिसरी होती. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते, पण पाय सरळ पडत होते. कुंपणाची तार मी किती घट्ट धरली होती ते नंतर तळहात पाहून कळलं. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा खांदा एकाएकी खाली गेला. ती पडली नाही. एक पोरगी पुढे गेली, मग पाच, मग सगळ्याच. ती एका पायावर भार देत, दुसरा ओढत येत राहिली. वेळ पाहणाऱ्या शिपायानं शिट्टी मारून घड्याळ खिशात टाकलं तेव्हा ती अजून अर्ध्या मैदानात होती. बाकीच्या पोरी पाणी पीत होत्या.

शिपाई हात दाखवून म्हणाला, "बहनजी, टाइम हो गया, बैठ जाओ." ती बसली नाही. चुन्याच्या पांढऱ्या रेघेपर्यंत आली, रेघ ओलांडली आणि मग उभ्या उभ्याच बुटाची नाडी सोडू लागली. शिपायानं तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

सरकारी दवाखान्यात पाय लाकडाच्या पट्ट्यांत बांधून दिला. आम्ही परतीची बस धरली. वाटेत बस सौंसरच्या स्टँडवर लागली. कंडक्टरनं गावाचं नाव ओरडून सांगितलं, माणसं उतरू लागली. तेव्हा प्रेमलता सीटचा दांडा धरून उठली. पिशवी तिनं खांद्याला लावली होती. मला वाटलं तिला पाणी हवं असेल. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, ती सासरी उतरत होती. घरून निघतानाच तिनं पिशवीत दोन लुगडी जास्तीची घातली होती.

 एवढी भीती मला टाचेखाली हाड वाजलं तेव्हाही वाटली नव्हती, कारण या वेळी ती माझाच शब्द पाळायला निघाली होती. मी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, तिला दंडाला धरून खाली बसवलं आणि तिचा बांधलेला पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. सगळी बस पाहत होती. मी आवाज खाली केला नाही.

"शब्द मीनं देला होता, तूनं नाही. मले काही मालूम नव्हतं अन् मी न्याय करत बसली, पाय बी मीनंच बिघडवला. ते मधुकरले मी सांगतो, त्या रघुनाथरावलेही सांगतो. तू हरली, ते खरं हाय. पन त्या घरात तू जानार नाही, मी जित्ती हाय तोवर नाही. आता हलू नको, पांढुर्णा याले टाइम हाय."