चुकीची तीन उत्तरं

तिने मुद्दाम चुकीचं उत्तर निवडलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर समुद्री चाचा बंदराच्या कचेरीत उभा होता. त्याला जहाज हवं होतं, आणि खिडकीमागची कारकून बाई विचारत होती, ‘अनुभव किती?’ चार उत्तरांतलं एकच बरोबर. तिने निवडलेलं होतं, ‘मला पोहता येत नाही.’

‘मग चाचेगिरीत कसे आलात?’ कारकून बाईने विचारलं.

‘घरी सांगितलंय, कचेरीत नोकरी लागलीय.’

आणि पुन्हा तोच प्रश्न, तीच चार उत्तरं.

गेममधले दोष शोधणं हे तिचं काम. इतकं बारीक शोधायची की ऑफिसात तिला चाळणीच म्हणत. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: चुकीचं उत्तर दिलं तरी चाचा मरत नाही, बुडत नाही, फिरून तिथंच येतो, मग हा पसारा कशाला? दुपारच्या बैठकीत तिने फक्त ‘अनावश्यक’ म्हणायचं, की गेममधली अशी सगळी वाक्यं जाणार होती.

तिने पुन्हा तेच उत्तर दिलं.

‘ऐकलं मघाशी. या खोलीत पाणी नाही, निर्धास्त राहा.’

चाळणीला हसू फुटलं. तिसऱ्यांदा तेच उत्तर दिल्यावर मात्र कारकून बाईने टाक खाली ठेवला.

‘मलाही येत नाही. पंचवीस वर्षं बंदरावर आहे.’

चाळणीचं हसू ओठांवरच थांबलं. ती उठून काकांच्या टेबलाशी गेली. गेममधली ही वाक्यं त्यांनीच लिहिलेली. त्याआधी त्यांची हयात नाटकांत प्रॉम्प्टिंग करण्यात, विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात गेली होती.

“काका, एकच चूक तीनदा कोण करणार?”

“नट करायचे की.” काकांनी चष्मा पुसला. “म्हणून काय त्यांना रंगमंचावरून हाकलायचं? सांभाळून घ्यायचं. बरोबर बोलणारा पुढे निघून जातो गं. चुकणारा घटकाभर आपल्यापाशी थांबतो.”

बैठकीत साहेबांनी अहवाल मागितला. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

“आधी तुम्ही खेळा.”

“मला कुठे येतात गेम?”

“म्हणूनच म्हणतेय.”

साहेबांनी नाखुशीनेच एक उत्तर दाबलं. मग दुसरं. पोहण्याचं उत्तर त्यांनी दिलं आणि ओठांची कड हलली. ते पुन्हा दिलं. पुन्हा एकदा दिलं, आणि त्यांचं बोट तसंच अधांतरी राहिलं. समोर बसलेले काका टेबलाच्या कडेवरची नसलेली धूळ झटकत होते.

“या कारकून बाईला चौथ्यांदा तेच सांगितलं तर?” साहेबांनी हळूच विचारलं.

चाळणी तिथवर गेलीच नव्हती. तिने काकांकडे पाहिलं.

“विचारून बघा,” काका म्हणाले.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.