ढीगबाईंचा खण

मी ग्रंथालयातला एक जुना लाकडी खण आहे, मित्रांनो. कार्डं ठेवायचा. हातभर लांब, वीतभर रुंद, पुढे पितळी कडी. सुताराने मला आणि माझ्या तेवीस भावंडांना एकाच आठवड्यात घडवले. भावंडांच्या पोटात पुस्तकांची नावे गेली. मी मात्र दोन वर्षे रिकामा होतो.

मग एका शनिवारी बाई आल्या. धान्याचा, वाळूचा, खडीचा ढीग कसा रचला जातो आणि कधी घसरतो, यावर त्या संशोधन करत. सहकारी त्यांना पाठीमागे ‘ढीगबाई’ म्हणत. पुढेपुढे तोंडावरही म्हणू लागले.

“काका, माझे शोधनिबंध कुणी वाचतं का, हे कळायला काही मार्ग आहे?” त्यांनी ग्रंथपालांना विचारले.

“वाचतं का ते देव जाणे,” काका म्हणाले. “पण कुणी वापरला असेल, तर त्याच्या लेखाखालच्या संदर्भयादीत तुमचं नाव असणार. शोधू या की.”

तेव्हापासून दर शनिवारी दोघे नव्या संशोधनपत्रिकांच्या याद्या चाळू लागले. बाईंचे नाव सापडले की एक कार्ड माझ्यात पडे. त्यांच्याच विषयातले असेल तर पांढरे, परक्या विषयातले असेल तर पिवळे. बाईंची चूक दाखवणारे असले तरी पुढेच लागे. पण बाईंनी किंवा त्यांच्याबरोबर लिहिणाऱ्यांनी आपलाच जुना लेख नोंदवला असेल, तर ते कार्ड माझ्या पोटातल्या आडव्या फळीच्या मागे. ती फळी बाईंनी मुद्दाम बसवून घेतली होती.

“आपली पाठ आपणच थोपटायची आणि वर मोजायची? छे!”

पहिल्या वर्षी माझ्यात तीन कार्डे होती. मग पहिले पिवळे आले, गोळ्या बनवणाऱ्या औषधशास्त्रज्ञाचे. मग दरडींवर काम करणाऱ्याचे, मग गोदामे बांधणाऱ्याचे. एकदा काका हसतच आले. “बाई, तुमचा ढीग वारुळात पोचला! मुंग्यांवरच्या लेखात नाव आहे.” त्या दिवशी बाईंनी माझी कडी रुमालाने पुसली. इतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

पुढे संगणक आला. काका निवृत्त झाले, पाठोपाठ बाईही. माझी रवानगी जिन्याखाली, खराट्यांच्या शेजारी झाली. वाळवीने एक कोपरा चाखून पाहिला. शनिवार कधी येतो नि कधी जातो, तेही कळेनासे झाले.

एका सकाळी बाईंचा ओळखीचा हात कडीला लागला. बाईंची प्रयोगशाळा आता त्यांची विद्यार्थिनी चालवत होती आणि ती खोली काढून घेण्याचे घाटत होते. नियम असा, की प्रयोगशाळेतल्या कामाची इतरांनी किमान दोनशे वेळा नोंद घेतलेली हवी. संगणक चाळीसच दाखवत होता. जुन्या पत्रिका त्याच्या पोटात नव्हत्याच.

त्या चाळिसांचीही कार्डे करून माझ्यात लावली आणि मला समितीच्या टेबलावर ठेवले. काठी टेकत काकाही आले. पुढची कार्डे मोजली. एकशे सत्त्याऐंशी.

“मागे आहेत की अजून!” अध्यक्षांनी फळीमागे बोट घातले. “एकतीस. झालं काम.”

“ती धरायची नाहीत,” बाई म्हणाल्या.

“अहो बाई, खोली जाईल,” काका कुजबुजले. “आजच्या दिवस डोळेझाक करा.”

“इतकी वर्षं केली नाही काका, आता काय करायची?”

खोली गेली. पण सामान भंगारात गेले नाही. पिवळी कार्डे पाहून औषधशास्त्रवाल्यांनी नरसाळी मागून नेली, शेतीवाल्यांनी चाळण्या, बांधकामवाल्यांनी कलता तक्ता. औषधशास्त्र विभागाने विद्यार्थिनीला खिडकीजवळचा कोपराही दिला. ती मला तिथे घेऊन गेली.

वर्षभराने तिचा पहिला एकटीचा लेख आला. त्यात बाईंच्या सर्वांत जुन्या लेखाची नोंद होती. बाई भेटायला आल्या, तेव्हा ती कार्ड हातात धरून घुटमळत होती.

“मागेच ना, बाई? आपलं दोघींचं सगळं मागेच आहे.”

बाईंनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचले. “तो जुना लेख माझा एकटीचा, हा तुझा एकटीचा. तुला पटलं म्हणून घेतलंस ना? मग पुढे लाव.”

ते एकशे अठ्ठ्याऐंशीवे. बाईंच्या देखत लागलेले शेवटचे.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. मला ओढताना जरा हलक्या हाताने ओढा, एवढे माझ्यासाठी. आणि बाईंसाठी एक करा. दुसऱ्याच्या कष्टातून काही घेतलेत, तर खाली त्याचे नाव लिहा. कुठेतरी कुणीतरी शनिवारभर ते शोधत बसलेले असते.