चाळीस मेंढरं आणि एक हाक

मी एक हार्ड डिस्क आहे. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, बजाजनगरच्या एका खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर पडून आहे. आता मला कुणी वायर जोडत नाही. पण माझ्याजवळ एका माणसाची एक गोष्ट राहिली आहे. ती मला परत देता येत नाही, म्हणून निदान सांगून तरी टाकते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालत, कारण धुळीचा एक कणही मला सोसत नाही. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात न टेकता सरकत राहतो. टेकला की ओरखडा पडतो. ओरखड्याखालचं मलाही वाचता येत नाही.

पहिली चार वर्षं मी वाळूजच्या एका कंपनीत कामगारांची हजेरी सांभाळली. नवे कंप्यूटर आले आणि मी ज्यात होते तो जुना कंप्यूटर अडगळीत गेला. तिथं काम करणाऱ्या सोमनाथनं तो आपल्या मित्राला, बिभीषणला दिला. बिभीषण त्याच कंपनीत मशीन चालवतो. सोमनाथनं मला पुसून माझ्यात कंप्यूटर चालवणारं लिनक्स टाकलं आणि म्हणाला, "हे इमानदार आहे बरं का. काही बिनसलं की काळ्या स्क्रीनवर खरं खरं सांगतं. तवा घाबरू नको, मला फोन लाव."

बिभीषण मेंढपाळाच्या घरचा. आईवडील, म्हाळसाबाई आणि मुंजाबा, मेंढरं घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं फिरायचे आणि हा वसतिगृहात शिकायचा. मशीनच्या आवाजावरून कोणता भाग झिजला ते तो सांगायचा, पण घरच्या मेंढरांतली एकही मेंढी त्याला ओळखू यायची नाही.

म्हाळसाबाई मेंढरांना नावानं बोलवत नसत. प्रत्येकीची हाक वेगळी. एकीला जिभेचं टक् टक्, एकीला लांब हुर्रर्र, एकीला नुसती ओठांची शीळ. जिची हाक असेल तीच मान वर करायची. एका सुट्टीत बिभीषणनं त्या हाका मोबाइलवर भरून घेतल्या. चाळीस मेंढ्या, चाळीस हाका. एक हाक भरून झाली की म्हाळसाबाई नाव सांगायच्या, काजळी, बांडी, मुकी, चांदी, आणि तो त्या फाइलला तेच नाव द्यायचा. शेवटी त्यांनी आणखी एक हाक दिली, मध्येच चढून हळूच खाली उतरणारी.

"ही कोणती मेंढी, माय?"

त्या पदर तोंडाला लावून नुसत्या हसल्या. त्या फाइलला बिभीषणनं नाव दिलं, 'माहीत नाही'. सगळ्या फाइल 'माय' नावाच्या फोल्डरमध्ये माझ्याकडं आल्या.

त्याच वर्षी हिवाळ्यात म्हाळसाबाई तापानं गेल्या. मेंढरं पुतण्याकडं गेली आणि मुंजाबा बजाजनगरच्या या खोलीत राहायला आले. पुढं तो मोबाइलही पाण्याच्या टाकीत पडला. म्हणजे त्या बाईचा आवाज आता फक्त माझ्याजवळ होता.

रोज सकाळी कामावर निघताना बिभीषण 'माय' फोल्डर लावून द्यायचा. त्याची बायको दिपालीही कामावर जायची. मुंजाबा भिंतीला टेकून एकटेच ऐकत बसायचे. प्रत्येक हाकेला कुणाला तरी बघितल्यासारखी मान हलवायचे. शेवटची, एक्केचाळिसावी हाक झाली की ते "आलो" म्हणत उठायचे, काठी घ्यायचे आणि बाहेर पडताना दाराजवळचं मेन बटण खाली ओढायचे.

मी तेव्हा लिहीत असायची. एखादी फाइल कुणी ऐकली, कधी ऐकली, अशा बारीक नोंदी मी मागाहून करते. लिहिता लिहिता वीज जायची आणि माझा हात जागच्या जागी हिसका खायचा. असं रोज व्हायचं.

फ्रिजमधलं दूध नासल्यावर दिपाली सासऱ्यांवर ओरडायची. "मामा, घर हाय हे. माळावरचा मुक्काम नाय." तिनं बटणावर चिकटपट्टीही लावली. चार दिवस मुंजाबांना आठवण राहिली. पाचव्या दिवशी हात आपोआप वर गेला.

एका सुट्टीच्या सकाळी बिभीषणनं कंप्यूटर सुरू केला आणि स्क्रीन काळीच राहिली. पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत मी जे खरं होतं ते सांगितलं होतं. नोंदींचा मेळ बसत नाही, आपोआप दुरुस्ती होणार नाही, तपासणी हातानं चालवा. बिभीषणनं सोमनाथला फोन लावला.

"एफएससीके नावाची तपासणी चालवायला सांगतंय," तो म्हणाला. सांगितल्याप्रमाणं त्यानं एकेक अक्षर टाइप केलं. "सोमनाथ, हे तर म्हणतंय सुपरब्लॉक का काय ते चुकीचं हाय. गेली का रे सगळी?"

"डिस्कच्या नावापुढं एक आकडा टाकला का?"

"नाय."

"मग कामून रडतो? अख्ख्या वाड्यात जाऊन एका खोलीचा पत्ता विचारायला लागला. नावापुढं एकचा आकडा टाक."

त्यानं आकडा टाकला. तपासणी सुरू झाली. ते तपासणारं फार सरळ असतं. स्वतःहून काही ठरवत नाही, प्रत्येक गोष्टीला हो की नाही विचारतं. थोड्या वेळानं ते एका जागी अडलं. ही जागा वाचता येत नाही, दुर्लक्ष करू का? बिभीषणनं हो म्हटलं. जबरदस्तीनं पुन्हा लिहू का?

"काय म्हणतंय?" सोमनाथनं विचारलं. तो कामावर होता, त्याच्याकडं मशिनींचा गोंगाट होता.

"लिहू का म्हणतंय."

"हो म्हण. नायतर पुढं जायचं नाय."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. त्या जागेवर 'माय' फोल्डरची यादी होती, कोणत्या नावाची फाइल कुठं आहे त्याची. ती बऱ्यापैकी फाटली होती, तरी थोडी उरली होती. हो म्हटल्यावर तिथं कोरं पान आलं.

मग ते विचारू लागलं. या फाइलला कुठलाच फोल्डर नाही, लॉस्ट अँड फाउंडमध्ये, म्हणजे हरवलं-सापडलंच्या खणात, ठेवू का? बिभीषण हो म्हणत गेला आणि मोठ्यानं मोजत गेला. शेवटचा आकडा तो ओरडूनच म्हणाला.

"एक्केचाळीस! आप्पा, समदी घावली."

फोल्डर उघडला. सगळ्या फाइल होत्या, पण एकीलाही नाव नव्हतं. नुसते लांबलचक आकडे.

ते ऐकून सोमनाथ फोनवर म्हणाला, "आधी नक्कल काढायला पायजे होती रे. चुकलं माझं." मग म्हणाला, "पण हे असं होतं कसं? लाईट लई जाते का तिकडं?"

"नाय. इथं कधीच जात नाय," बिभीषण म्हणाला.

दिपालीनं दाराजवळच्या बटणाकडं बघितलं. चिकटपट्टी एका बाजूनं लोंबत होती.

"म्याच बंद करतो," मुंजाबा म्हणाले.

"किती येळा सांगितलं तुम्हाला, आप्पा!"

"व्हय, सांगितलं." मुंजाबा काठीकडं बघत बोलले. "फर्दापूरच्या माळावर एकदा चूल तशीच ठेवून आम्ही बिऱ्हाड हलवलं. गवत पेटलं. मागं राहिलेली दोन कोकरं जळाली. तवापासून तुझी माय इस्तू विझवल्याबिगर पाऊल टाकू देत नव्हती. ती हाक मारायची अन् म्या चूल विझवून निघायचो. हाताला तीच सवय लागली, लेका."

बिभीषणनं पेन ड्राइव्ह लावला. सोमनाथनं बजावलं होतं, या डिस्कचा भरवसा धरू नको, आधी एकेक फाइल उतरवून घे, मग ऐक. एकेक फाइल उतरली की तो ती पेन ड्राइव्हवरून वाजवायचा आणि मुंजाबांकडं बघायचा.

टक् टक्. "काजळी." लांब हुर्रर्र. "बांडी. हिला वरून दोनदा बोलवावं लागायचं." शीळ. "मुकी. ओरडायची नाय, म्हणून मुकी." वडील सांगत होते आणि मुलगा नावं लिहीत होता. मधेच दिपाली म्हणाली, "मामा, माझ्या हाकेला तर तुम्ही वळून बी बघत नाय." मुंजाबा पहिल्यांदाच थोडे हसले.

मी माझ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं. चाळीस हाका दिल्या.

एक्केचाळिसावी देता येईना. ती नेमकी ओरखड्याखाली होती. मी हात नेला, खट् झालं. परत नेला, परत खट्. बिभीषणनं पाच वेळा प्रयत्न केला. सहाव्यांदा माझ्या चकत्या फिरायच्याच थांबल्या.

"आप्पा, एक येत नाय." त्यानं यादी वर-खाली बघितली. "चाळीसच्या चाळीस तर झाल्या. मग कोणती मेंढी राहिली?"

"मेंढी नाय राहिली," मुंजाबा म्हणाले. "मी राहिलो."

बिभीषणला कळेना.

"नवऱ्याचं नाव घेत नसतेत. मग टेकडीवरून मला बोलवायचं कसं? ती माझी हाक होती."

मला नंतर शहरात दोन ठिकाणी दुरुस्तीला दाखवलं. दोन्हीकडं माणसांनी मला कानाशी धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. घरी परत आणल्यावर मुंजाबांनी आपल्या घोंगडीचा कोपरा फाडला आणि मला त्यात गुंडाळलं.

तुमच्या घरी कुणाचा आवाज असा एकाच जागी ठेवलेला असेल, तर आज उठून त्याची दुसरी नक्कल करा. माझ्यासारखीवर एवढा विश्वास टाकू नका. आम्ही खोटं बोलत नाही, पण आम्ही तुटतो.

ती हाक अजून माझ्यात आहे. पुसली गेलेली नाही. मला तिच्यापर्यंत पोचता येत नाही, एवढंच.

सकाळी छोट्या स्पीकरवर चाळीस हाका लागतात. मुंजाबा प्रत्येकीला मान हलवतात. चाळिसावी संपते आणि खोलीत शांतता होते. ते तसेच भिंतीला टेकून बसून राहतात. काठी कोपऱ्यात असते. मेन बटण आता कुणी बंद करत नाही. दूध नासत नाही.

दुपारी दिपाली येते आणि दारातूनच म्हणते, "मामा, उठता का? भाकरी टाकते."

"आलो," ते म्हणतात. आणि कपाटाच्या वरच्या फळीकडं बघत बसतात.