अर्धं कात्रण

पेटंट कार्यालयात परीक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा माझी समजूत अशी, की आता रोज माझ्या टेबलावर जग बदलणाऱ्या वस्तू येणार. पहिल्या आठवड्यात काय आलं? छत्रीच्या दांड्यात बसवायची टॉर्च. दुधावरची साय आपोआप बाजूला करणारा चमचा. विजेशिवाय, इंधनाशिवाय कायम फिरत राहणारं एक चाक, ज्याच्या आकृतीत एका कोपऱ्यात चुकून प्लगही काढला होता. आणि एका बड्या कंपनीचा शंभर पानी अर्ज, दात घासायच्या ब्रशची मान किती अंशांत वाकवावी याबद्दल. मेकॅनिकलचं एम.टेक. करून, देशभरातून एकशे बारावी येऊन मी त्या मानेवर तीन दिवस घालवले.

शेजारच्या टेबलावर परिमलदा बसायचे. परिमल धर, बावीस वर्षं नोकरी. खणात मुरमुऱ्यांचा डबा, मोहरीच्या तेलाची बाटली आणि हिरव्या मिरच्या, फायली कपाटावर. मला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"हे बघ तनिमा, लोक अर्जाच्या सुरुवातीला रडगाणं लावतात. आजी पडली, शेजारणीचा हात भाजला, म्हणून मी हे शोधलं. ते वाचायचं नाही. शेवटी हक्क काय मागितलाय तेवढं वाचायचं आणि तसलं काही जगात आधी होतं का ते शोधायचं. सापडलं की घरी जायचं."

"आणि नाही सापडलं तर?"

"नाही सापडलं म्हणजे तू नीट शोधलं नाहीस." त्यांनी मिरची चावली.

हेच ते प्रशिक्षण. बाकीचं सगळं कॉम्प्युटरवर तयार होतं. 'यात नवीन काही नाही' याचे सात परिच्छेद, 'यात बुद्धीचं काम नाही' याचे अकरा. 'हे खरंच नवीन आहे' असं सांगणारा परिच्छेद मी बराच शोधला. एक होता, पण त्यात अजून जुन्या मुख्य अधिकाऱ्याचं नाव होतं, म्हणजे तो कोणी उघडलाच नव्हता.

दोन वर्षं प्रोबेशन. दर वर्षी माझ्या कामावर शेरा लिहिणार निखिलेश सान्याल, आमचे उपनियंत्रक. उंच, गोरे, बोलताना डोळे मिटणारे. अहवालांवर सही करतानाही ते डोळे मिटत असावेत, असं माझं मत झालं होतं. महिन्याला ठरावीक अहवाल झालेच पाहिजेत, हा त्यांचा एकच आग्रह. शिवाय एक रीत होती. आम्हा बंगाल्यांकडे लहान मूल पाटीवर पहिलं अक्षर काढतं त्या दिवसाला हातेखडी म्हणतात. कार्यालयात नव्या परीक्षकाचा पहिला अर्ज नामंजूर झाला की ती त्याची हातेखडी, आणि त्याने सगळ्या मजल्याला संदेश, म्हणजे नासवलेल्या दुधाच्या छेन्याची मिठाई, खाऊ घालायची. अर्ज मंजूर झाला तर कोणी चहासुद्धा मागत नसे. मला पाच महिने झाले तरी माझी हातेखडी झाली नव्हती, आणि मिठाईला टपलेले लोक जाता-येता चौकशी करत होते.

महिनाअखेरीला माझा एक अहवाल कमी पडत होता, तेव्हा इद्रिस गाझीची फाइल आली.

इद्रिस गाझी दक्षिणेकडच्या बिबिरहाटी गावचा. खजुराच्या झाडावर चढून रसाची मडकी बांधणारा. वकील नाही, कोणी नाही. अर्ज त्याने स्वतः बंगालीत लिहिलेला आणि गावच्या मास्तरांनी इंग्रजीत उतरवलेला. त्याच्या यंत्राचं नाव चढउतार. सायकलची चेन, ब्रेकची तार आणि बांबूची पन्हळ. मडकं जमिनीवरून वर जातं, खाचेत अडकतं, पहाटे भरलं की तसंच खाली येतं. सकाळ-संध्याकाळ मडक्यासाठी झाडावर चढायला नको. रडगाणंही होतंच, आणि मी ते वाचलं: धाकटा भाऊ झाडावरून पडला, कमरेखाली लुळा झाला, तेव्हापासून अंथरुणात.

मी तीन दिवस शोधलं. नारळाचं सापडलं, ताडाचं सापडलं, रबराचं सापडलं. असं एकही नाही. खाचेची जी युक्ती त्या माणसाने केली होती, तेवढी हुशारी ब्रशवाल्या कंपनीच्या शंभर पानांत मिळून नव्हती. मला मनापासून आनंद झाला. आणि महिना संपायला एक दिवस उरला होता.

मग फाइलच्या तळाशी कात्रण दिसलं. बंगाली पेपरातला फोटो, स्कॅन केलेला. गाझी छाती काढून उभा, शेजारी झाडाच्या खोडावर ते यंत्र, खाली नऊ ओळींत त्याचं सगळं वर्णन, खाचेसकट. तारीख बारा जानेवारी. अर्ज केला होता तीन मार्चला.

आमचा कायदा सोपा आहे. अर्ज करण्याआधी जे जगाला दिसलं ते नवीन नाही. दाखवणारा तुम्ही स्वतः असलात तरी नाही. गाझीने मोठ्या अभिमानाने, आपलं कौतुक झाल्याचा पुरावा म्हणून, आपल्या पायावर पाडायचा धोंडा नीट घडी घालून सोबत जोडला होता.

"अगं, हा तर स्वतःच चालत आला!" परिमलदांनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हटलं. "संदेश कुठून आणणार? कोपऱ्यावरच्याकडून नको, त्याचा छेना आंबट असतो."

मीही हसले. अहवाल वीस मिनिटांत झाला. सान्यालसाहेबांनी सही केली. कात्रण बघितलं असतं तर त्यांच्या लक्षात काहीतरी आलं असतं, पण त्यासाठी डोळे उघडावे लागतात.

गाझीने सुनावणी मागितली. दोन महिन्यांनी तो आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा, तळव्यांना चामड्यासारखे घट्टे. हातात नोलेन गुडाची, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची ढेप होती, ती दारावरच्या शिपायाने बाहेर ठेवायला लावली. काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेपर होता. सान्यालसाहेब मधल्या खुर्चीवर, मी बाजूला नोंद लिहायला.

"हा फोटो तुमचाच ना?" साहेबांनी डोळे मिटून विचारलं.

"माझाच, साहेब. आणि तुमचाही."

साहेबांनी डोळे उघडले.

गाझीने पेपर टेबलावर पसरला. स्कॅन करणाऱ्याने अर्धाच फोटो घेतला होता. उजव्या अर्ध्यात निखिलेश सान्याल उभे होते, छातीवर गुलाबाचं फूल, एक हात मडक्यावर. मागे फलक, त्यावर आमच्याच कार्यालयाचं नाव: संशोधक जागृती मेळावा.

"तुम्ही आमच्या गावी आला होतात, साहेब," गाझी सांगू लागला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो ओळख पटवत होता. "मी यंत्र गोणपाटाखाली झाकून आणलं होतं. तुम्ही म्हणालात, अरे गाझी, लपवतोस काय, चोरी केलीस का? उघड, पेपरवाल्यांना दाखव. म्हणून मी दाखवलं. पुढे तुम्हीच म्हणालात, अर्ज कर."



"सरकारी मेळाव्यात दाखवलं तर चालतं ना, सर?" मी हळूच म्हटलं. "कायद्यात तशी सूट आहे. वर्षाच्या आत अर्ज केला की..."

"त्या मेळाव्याची घोषणा राजपत्रात झालेली असली तर," साहेब म्हणाले. "ती झाली नव्हती."

घोषणेचा प्रस्ताव दिल्लीला पाठवायचं काम कोणाचं, हे मला माहीत होतं. साहेबांना तर होतंच. गाझीला राजपत्र म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, पण माणूस मूर्ख नव्हता.

"म्हणजे माझं गेलं?"

"कायदा सगळ्यांना सारखा असतो, गाझीसाहेब."

गाझीने पेपरची नीट घडी घातली. "बरं. मग एवढं तरी कागदावर लिहा, की मी ते साहेबांच्या सांगण्यावरून उघडलं. मास्तर म्हणाले, वर दाद मागता येते. पण कागदावर असलं तरच."

सान्यालसाहेब माझ्याकडे वळले. "तनिमा, मुद्द्याचं तेवढं लिही. पुढच्या महिन्यात तुझा शेरा जायचाय, नोंद आटोपशीर असू दे."

मी लिहिलं. इंग्रजीत, एक ओळ: फोटो आपलाच असल्याचं अर्जदाराने मान्य केलं.

कागद सहीसाठी गाझीपुढे सरकवला. त्याने इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वर पाहिलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडे.

"दीदी, लिहिलं ना तुम्ही? मी म्हणालो ते?"

"हो," मी म्हटलं.

त्याने बंगालीत, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. मग जाताना दारापाशी थांबून म्हणाला, गूळ घ्या, यंदाचा पहिला आहे. शिपायाने तो आधीच आपल्या डब्यात भरलं होतं.

अर्ज नामंजूर झाला. संदेश मी चांगल्या दुकानातून आणले. सगळ्यांनी खाल्ले, परिमलदांनी चार खाल्ले, आणि मीही खाल्ला, घशाखाली उतरला. गाझीने वर दाद मागितली की नाही, ते मी शोधलं नाही. शोधण्यात माझा हात धरणारा मजल्यावर कोणी नव्हता, तरी नाही शोधलं. माझा शेरा उत्तम गेला: 'समजूतदार, मुद्देसूद.' या दोन शब्दांइतकी घाण शिवी मला अजून कोणी दिलेली नाही.

पुढच्या जानेवारीत साहेबांनी मला मेळाव्याला नेलं, वक्ता म्हणून. दुसरं गाव, फलक तोच. शेजारच्या बाजारात एका लोखंडवाल्याच्या दुकानाबाहेर चढउतार यंत्रांची रांग टांगलेली होती. चेन नवी, तार नवी, खाच गाझीचीच. दुकानदार म्हणाला, या हंगामात जोरात खपतंय.

गाडीत मी साहेबांना विचारलं होतं, "यंदाची घोषणा राजपत्रात झाली ना, सर?"

"पाठवायचीय," ते डोळे मिटून म्हणाले होते.

मांडवात आठ-दहा जण आपापली वस्तू घेऊन उभे होते. पेपरवाला फोटोग्राफर घाईत होता. पहिल्याच टेबलाशी एक विधवा बाई, नाव कमला सरदार, तिच्यापुढे जुन्या साडीखाली झाकलेलं काहीतरी. मी साडीला हात लावण्याआधीच तिने पदराने कपाळ पुसून हळूच विचारलं, "दीदी, तुम्ही यातल्या जाणत्या. हे झाकलेलंच राहू देऊ, की उघडू?"

फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला. सान्यालसाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या गुलाबाचा वास आला.

"उघडा," मी म्हटलं.