बुधवारी ओरडणारा रेडिओ

मी हवामानाचा रेडिओ बोलतोय. माझ्यावर गाणी लावून बघू नका, ती लागत नाहीत. बातम्याही नाहीत. मला जन्मभर एकच विषय दिलेला होता, हवामान. आणि तेही अमेरिकेतल्या कॅन्सस नावाच्या राज्याचं. सध्या मुक्काम पुण्यात, बोपोडीतल्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीशेजारच्या फळीवर. इथे माझ्यातून निघते ती फक्त खरखर.

कॅन्ससला समुद्र नाही, म्हणावा असा डोंगर नाही. अडवणारं कुणी नसल्यामुळे उत्तरेची थंडी आणि दक्षिणेची दमट हवा तिथल्या मोकळ्या मैदानात समोरासमोर येतात. जानेवारीत नळातलं पाणी गोठतं, जुलैत नागपूरसारखं ऊन तापतं आणि एप्रिलमध्ये सकाळी बर्फ, दुपारी घाम असंही होतं. याच दिवसांत वादळं उठू लागतात, आभाळातून सोंडेसारखी खाली उतरणारी. तसं वादळ दिसलं की हवामान खातं माझ्यातून आधी एक किंचाळी सोडतं आणि मग सपाट आवाजात सांगतं, तळघरात जा, ताबडतोब. त्या आवाजाला घाई ठाऊक नाही, भीतीही नाही. आणि तो फक्त इंग्रजी बोलतो.

माझा मालक समाधान, बोपोडीचाच. वडील रामदास खडकीच्या कारखान्यात कामाला होते. दोन हजार साली संगणकांच्या तारखा बिघडणार म्हणून जगभर घबराट होती, तेव्हा कंपनीने त्याला कॅन्ससमधल्या एका लहान शहरात पाठवलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मार्जरीबाईंनी विचारलं, "तुझ्याकडे हवामानाचा रेडिओ आहे का?" नाही म्हटल्यावर त्याला स्वतःच्या गाडीत बसवून दुकानात नेलं. असा मी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आलो.

पुढे वडील गेले. आई बोपोडीत एकट्या पडल्या, म्हणून समाधानने त्यांना मार्चमध्ये बोलावून घेतलं. विजयमालाबाई त्यांचं नाव. तो सकाळी कामावर गेला की घरात त्या आणि मी. इंग्रजी येत नव्हतं, बोलायला माणूस नव्हतं, म्हणून त्या माझ्याशी बोलायच्या. "काय म्हणतोस, आज तरी ऊन पडेल का?" मी माझ्या भाषेत उत्तर देत असे. मार्जरीबाई कुंपणापलीकडून हात हलवायच्या, याही हलवायच्या. एवढंच संभाषण.

दर बुधवारी दुपारी माझी चाचणी होते. पहिल्या बुधवारी मी किंचाळलो तेव्हा आईंच्या हातातली पळी खाली पडली.

"हे काय रे?" संध्याकाळी त्यांनी समाधानला विचारलं.

"काही नाही गं आई. बुधवारी ओरडतो तो, नीट चालतोय का बघायला. हे बटण दाबायचं, गप बसतो."

खरा इशारा कसा येतो, आला तर कुठे पळायचं, हे तो बोलला नाही. मी वाट बघत होतो. आई घाबरेल, परत जायचं म्हणेल, ही त्याची धास्ती. "मे लागला की सांगतो तिला," असं तो एका मित्राला फोनवर म्हणाला. मे लागला. आईंनी ऊन बघून बटाट्याचे पापड घालायला घेतले, त्यामुळे त्या खुशीत होत्या, आणि तो पुन्हा गप्प राहिला.

वादळ आलं तो दिवसही बुधवारच होता. वादळाच्या अंदाजामुळे दुपारची चाचणी रद्द झाली होती. दिवसभर दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. मागच्या ओसरीत चादरीवर पापड वाळत होते. चारच्या सुमारास पश्चिम काळी झाली आणि मग शेवाळासारखी हिरवी. मी ओरडलो.

"आज उशीर केलास," म्हणत आईंनी बटण दाबलं.

मी पुन्हा ओरडलो.

"ऐकलं. बुधवार आहे, माहीत आहे मला. गप बस आता." त्यांनी माझा आवाज पार खाली आणला. मी पुटपुटत राहिलो.

मग गावाचा वादळाचा इशारा देणारा भोंगा वाजला. आई थबकल्या. आयुष्यभर त्यांनी खडकीचा भोंगा ऐकला होता. तो वाजला की पाळी सुटायची आणि रामदास घरी यायचे. त्यांचा चेहरा जरा निवळला. "सुटली वाटतं कुठली तरी पाळी," त्या म्हणाल्या आणि पापड उचलायला बाहेर गेल्या.

मार्जरीबाई आपल्या तळघराच्या दारातून दोन्ही हात जोरजोरात हलवत होत्या. आईंनी हसून हात हलवला. पापडांकडे बोट दाखवून खूण केली, एवढं आवरते.

मी खिडकीतून बघत होतो. वादळ कुठून निघालं, कुठल्या रस्त्याने येतंय, कधी पोचणार, सगळं माझ्यात होतं. त्यांना कळेल असा एकही शब्द नव्हता.

सोंड गावाच्या कडेने, शेतांतून गेली. पण तिच्या वाऱ्याने ओसरीचं छप्पर उचललं आणि आईंवर टाकलं. मार्जरीबाईंनी गारांतून येऊन त्यांना ओढून काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय वाचला, पण पुन्हा सरळ झाला नाही.

समाधानने हिंजवडीत बदली मागून घेतली. सामान बांधताना त्याने मला कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

"त्याला का टाकतोस?" आईंनी खुर्चीतून विचारलं.

"काय कामाचा आहे तो?"

"त्याने सांगितलं होतं. मला कळलं नाही."

समाधान त्यांच्या पायाशी बसला. "मी सांगायला हवं होतं, आई."

"हो," त्या म्हणाल्या. "हवं होतं."

एवढंच. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि त्यालाही तो काढता आला नाही.

आता त्या वॉकर धरून घरात फिरतात. समाधान निघताना गॅस, लिफ्ट, औषधं, शेजारच्यांचा फोन, सगळं पुन्हा पुन्हा सांगतो. "कळलं. बस चुकेल तुझी," त्या म्हणतात. तो गेल्यावर आभाळ भरून आलं, की त्या फळीपाशी येतात, माझी कळ फिरवतात आणि समोर बसतात. ढग साधा आहे, भ्यायचं कारण नाही, एवढंही मला सांगता येत नाही. इथलं हवामान मला कुणी कळवत नाही. त्या खरखर ऐकत राहतात, अगदी मन लावून.

तुमच्यापैकी कुणाला जमलं तर मला मराठीतले दोन शब्द शिकवा. "आत चला." उपयोग आता काही नाही, हे मलाही कळतं. तरी शिकवा.