पट्टीवरचा वरचा दाणा

मी एक जुना वालाचा दाणा आहे. मित्रांनो, वालाचं कसलं आलंय चरित्र, उसळ करा आणि मोकळे व्हा, असं तुम्हाला वाटेल. पण उसळीत गेलो असतो तर निदान भावंडांची सोबत तरी मिळाली असती.

१९५४ साली बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका शाळेत हणमंतराव मास्तरांनी लाकडी पट्टीवर तीन दाणे दोऱ्याने बांधले आणि पट्टी पाण्याच्या पेल्यात उभी केली. खालचा दाणा पूर्ण बुडाला, मधला पाण्याच्या काठाशी राहिला आणि मी वर, कोरडा. खालच्याला हवा मिळेना, तो कुजला. मला हवा होती, पाणी नव्हतं. मधल्याला दोन्ही मिळालं. चौथ्या दिवशी त्याला पांढरा मोड आला. मुलांनी टाळ्या पिटल्या. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "हा तसाच."

पुढच्या वर्षी मास्तर नवे दाणे बांधायला बसले, तेव्हा शाळेचे शिपाई विठोजी म्हणाले, "वरचा कशाला बदलताय, अण्णा? त्याला काय होतंय? सरी, ठीकच आहे तो." मास्तरांना ते पटलं. सात वर्षं मी त्याच गाठीत राहिलो. दरवर्षी माझ्याखाली कोंब फुटे, आणि मुलं तो कुंपणाशी लावायला पळत. पाणी माझ्यापासून दोन बोटांवर असे. मला फार एकटं वाटे.

मग नीला आली. तिच्या वडिलांची पुण्याहून इथल्या कारखान्यात बदली झाली होती. मास्तर मराठी घरातले, म्हणून ती त्यांच्याशी मराठीतच बोले. प्रयोगाच्या तासाला ती उभी राहिली. "सर, आई मोड आणायला वाल भिजवते, त्यात एखादा गणंग निघतो. कितीही भिजवा, दगडासारखा राहतो. हा गणंग नाही कशावरून?"

मास्तरांनी स्वतः माझी गाठ सोडली आणि मला मध्ये बांधलं.

सात वर्षांनी पाणी लागलं! मी फुगलो, मऊ झालो, माझी साल सुटली. आता मोड येणार, असं मला वाटलं. चौथा दिवस गेला, आठवाही गेला. मोड आला नाही.

नीलाने मला दोन बोटांत हलकेच दाबून पाहिलं. "सर, हा गणंग नव्हता," ती म्हणाली. "आपल्याला उशीर झाला."

मास्तरांनी चूक कबूल केली, आणि तेव्हापासून तिन्ही दाणे नवे बांधायचे ठरलं. नीलाने मला फेकलं नाही. कुंपणाशी, वालाच्या वेलाखाली पुरलं. इथे माझी माती होते आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असा कुणी वर बांधलेला असेल, ज्याला बघून सगळे 'हा तसाच' म्हणतात. पाणी त्याच्यापासून दोन बोटांवरच असतं. ते आजच द्या.